समुद्र दिसणारच आहे, आधी उतार पाहा

प्रश्न : गुहागर तालुक्यात सासऱ्यांची बावीस गुंठे जागा आहे. वरच्या रस्त्यापासून समुद्राच्या बाजूला सुमारे दोनशे फूट लांब आणि तेवढ्यात चाळीसएक फूट उतरणारी. खाली गावातली नारळी-पोफळीची आगरं, त्यांच्यापलीकडे समुद्र. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. तिथे घर बांधून वर्षातले आठ महिने राहायचा विचार आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्याही आमच्याबरोबर असतील. पुतण्या नुकताच आर्किटेक्ट झालाय. त्यानं संगणकावर चित्र काढून दाखवलं : पांढरं शुभ्र, सपाट छपराचं घर, पश्चिमेला तीस फूट रुंद अखंड काच आणि उताराच्या अगदी कडेला, पाणी थेट समुद्रात मिसळल्यासारखं दिसेल असा पोहण्याचा तलाव. माझ्या मनात ते चित्र भरलंय. यजमान म्हणतात, कौलारू घरच हवं, हे काचेचं काम कोकणात टिकायचं नाही. रोज जेवताना यावरून वाद होतो. कोकणात आधुनिक घर बांधूच नये का? काच आणि तलाव यांचं काय करू? (नाव छापू नये.) – एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई,

कोकणात आधुनिक घर जरूर बांधावं, आणि ते तुमच्या पुतण्याकडूनच करून घ्यावं. नुकताच शिकून आलेला, घरच्या जागेवर जीव लावून काम करणारा माणूस बाहेर शोधून सापडत नाही. पण त्यानं काढलेलं, तुम्ही पत्रासोबत पाठवलेलं चित्र डिसेंबरातल्या एका संध्याकाळचं आहे. घर जुलैतही तिथेच उभं असणार. आठ महिने राहणार म्हणता, पण कुठले आठ, ते लिहिलं नाहीत. तुम्ही पावसाळ्यात पुण्याला परत आलात तरी घराला पावसाळा चुकत नाही. उलट बंद घराला तो जास्त जाचतो. म्हणून मला तुम्हा तिघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे : घराचा आराखडा उतार आणि पाऊस या दोघांना विचारून करा, समुद्राचं शेवटी पाहा.

आधी कागदांचं थोडक्यात उरकते, कारण त्यावरून पुढचं बरंच ठरेल. दोनशे फुटांत चाळीस फूट म्हणजे १:५ चा उतार. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम करू देत नाहीत. तिथे डोंगर कापायला किंवा भराव टाकायलाही मनाई आहे. तुमची जागा सरासरीनं नेमकी या रेषेवर येते. पण आपल्याकडचा उतार एकसारखा कधीच नसतो. वरच्या अंगाला जुन्या नाचणी-वरीच्या शेतांचे टप्पे असतात, मध्ये काजू, खाली एकदम घसरण. त्यामुळे कुठलाही नकाशा काढण्याआधी अर्ध्या मीटरच्या समतल रेषांची, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांची, मोजणी करून घ्या. गवत वाळलेलं असताना, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात, ती नीट होते. कुठे बांधता येईल आणि कुठे नाही हे त्या कागदावर स्वच्छ दिसेल.

दुसरं सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं. आपण डोंगरावर आहोत, आपल्याला किनाऱ्याचे नियम कशाला लागतील, असं पुष्कळ जण धरून चालतात. नियम उंची पाहत नाही. तो भरतीरेषेपासूनचं अंतर पाहतो आणि हे अंतर ५०० मीटरपर्यंत मोजलं जातं. २०१९ च्या अधिसूचनेनं दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांना सवलत दिली आहे, तिथे बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरचा आहे. गुहागरकडच्या विरळ खेड्यांना मात्र २०० मीटरच धरून चालावं लागतं. तुमचा गट नंबर मंजूर किनारपट्टी नकाशावर नेमका कुठे पडतो हे लेखी मिळवा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय, बिनशेतीचं काय, ही तपासणी स्थानिक वकिलाकडून करून घ्या. एवढं झालं की मग घराबद्दल बोलू.

उतार हा नुसता कोन नसतो. त्याच्या पोटात काय आहे ते महत्त्वाचं. गुहागर-रत्नागिरीकडच्या डोंगरांवर माथ्याला जांभा असतो. वरून कडक दिसतो, पण आतून स्पंजसारखा सच्छिद्र. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि मग आडवं वाहायला लागतं. जुलैत डोंगराच्या अंगातून जागोजाग झरे फुटतात ते यामुळे. ही माती भिजून जड आणि निसरडी झाली, आणि आपण घरासाठी सपाटी करायला नेमका तिचा पायथा कापला, की वरचा भाग खाली सरकायला कारण मिळतं.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे इथे घरं गाडली गेली. त्याआधी २०१४ ला माळीण, नंतर २०२३ ला इर्शाळवाडी. ही गावं सह्याद्रीच्या कुशीत, तुमची जागा किनाऱ्यावर, भूगोल वेगळा आहे. पण पाण्यानं जड झालेली माती उतारावर काय करू शकते हे या गावांनी जिवाची किंमत मोजून आपल्याला दाखवलंय. नवीन बांधणाऱ्यानं ते विसरणं मला तरी मान्य नाही.

तेव्हा प्रत्यक्षात काय करायचं? पुतण्याच्या चित्रात घर एका मोठ्या सपाट ओट्यावर बसलंय. हा ओटा म्हणजे मागून पंधरा फूट कापलेला डोंगर आणि पुढे पंधरा फूट टाकलेला भराव. तो काढून टाका. त्याऐवजी घर अरुंद आणि लांब ठेवा, समतल रेषांना समांतर, एका खोलीइतकंच रुंद. गरज पडली तर दोन टप्प्यांत उतरवा, जुन्या शेतांचे टप्पे आयते आहेतच. पाया कुठेही भरावावर येऊ देऊ नका. दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन कातळ किती खोल आहे ते माती तपासणाऱ्या अभियंत्याकडून लिहून घ्या. उतारावरच्या घरात वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालचे लांब होतात, आणि भूकंपात सगळा मार आखूड कॉलमवर येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप चिपळूणकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरला हा प्रश्न तोंडानं विचारा. घराच्या वरच्या अंगाला, कापाकापी सुरू होण्याआधीच, पाणी वळवणारा चर खणा आणि तो नैसर्गिक पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, नेऊन जोडा, शेजाऱ्याच्या आगरात सोडू नका. संरक्षक भिंत लागलीच तर तिच्या मागे दगड-खडीचा थर आणि भिंतीला पाणी निघायला भोकं हवीतच. अशा भिंती बहुतेक वेळा मातीच्या वजनानं पडत नाहीत, मागे कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं पडतात. जाळीत दगड भरून केलेली गॅबियनची भिंत पाणी स्वतःच सोडते, ती मला या कामात जास्त आवडते.

शोषखड्डाही उताराच्या कडेला नको. वर्षभर डोंगरात पाणी मुरवत राहायचं आणि पायथ्याला कुणाची तरी पिण्याची विहीर, हे दोन्ही अर्थांनी वाईट. सांडपाणी शुद्ध करून केळी-नारळांना द्या. आणि उतारावरची करवंदांची, कुड्याची झुडपं "साफसफाई" म्हणून जेसीबीनं काढायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. त्यांच्या मुळांनी ती माती धरून ठेवलीय.

आता घर कुठे ठेवायचं. सगळ्यांना ते कड्याच्या टोकावर हवं असतं, समुद्र जवळ वाटावा म्हणून. इथे एक साधी गोष्ट पुतण्याला कागदावर मांडायला सांगा. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. समुद्रसपाटीपासून चाळीस मीटर उंचीवर उभं राहिलं तर ते साधारण बावीस किलोमीटर दूर असतं. घर तीस-चाळीस फूट मागे घेतल्यानं त्या बावीस किलोमीटरांत काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो जवळच्या दृश्यात. टोकावरच्या घरातून खालची विजेची तार, नवीन हॉटेलचं निळं पत्र्याचं छप्पर, पार्किंग, सगळं दिसतं. मागे घेतलेल्या घरातून आधी आपलं गवत दिसतं, मग एखाद्या काजूचा शेंडा, आणि त्यावर थेट पाणी. मधलं सगळं उताराआड जातं. शिवाय पाया कडेपासून लांब, वरच्या सौम्य टप्प्यावर येतो, आणि बहुधा १:५ चा प्रश्नही तिथेच सुटतो. म्हणजे सुरक्षित जागा आणि सुंदर जागा एकच निघाली. उतारावर असं पुष्कळदा होतं, नीट पाहिलं तर.

आता काच. तुमच्या मनात भरलेली गोष्ट, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपला समुद्र पश्चिमेला आहे, यातच सगळी अडचण. दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेचं आणि पावसाची झडही तिकडूनच. तीस फूट रुंद, दहा फूट उंच साध्या काचेतून मार्च-एप्रिलच्या उन्हात दहा किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येते. दीड टनाचे दोन एसी मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात, तेवढी ही एकटी काच आत घालते. मग पडदे लावावे लागतात, आणि ज्या समुद्रासाठी काच लावली तो पडद्याआड जातो. चार वाजता पडदे ओढून एसीत बसलेली अशी समुद्राकडची घरं किनाऱ्यावर हवी तेवढी आहेत. जुलैत काचेवर पाणी आडवं मारतं, स्लायडिंगच्या खाचांतून आत येतं. ऑक्टोबरात तिच्यावर खाऱ्या हवेचा थर बसतो, तो साध्या फडक्यानं निघत नाही.

हा पेच नवा नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांनी मुंबईत कांचनजंगा ही इमारत केली, १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. त्यांच्यापुढेही हेच होतं : चांगलं दृश्य आणि वारा पूर्व-पश्चिमेला, आणि छळणारं ऊन-पाऊसही तिथेच. जुन्या बंगल्यांना चहूबाजूंनी पडवी असायची, तीच कल्पना त्यांनी अठ्ठावीस मजल्यांवर नेली. दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोपऱ्यांत कोरल्या आणि राहायच्या खोल्या त्यांच्या मागे घेतल्या. पुतण्यानं ती इमारत शिकताना नक्की पाहिली असेल. तिच्याहून आधुनिक काय हवं? आणि मुळाशी ती पडवीच आहे.

तुमच्या घराला समुद्राच्या बाजूनं दहा फूट खोल पडवी द्या, तिच्या छपराची कड जमिनीपासून सव्वासात फुटांवर. मार्चमध्ये सूर्य साधारण छत्तीस अंशांपर्यंत खाली येईतो, म्हणजे दुपारी चारपर्यंत, मागच्या भिंतीला ऊन लागणार नाही. शेवटच्या अडीच तासांसाठी पडवीच्या कडेला सरकत्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा लावा. उभ्या पट्ट्या असल्या तर उत्तम, कारण सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर तो डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला मावळतो. जागेवर उभं राहून हा अख्खा पन्नास अंशांचा पट्टा पाहून ठेवा. पावसाळ्यात याच झडपा बंद केल्या की झड पडवीतच थांबते. पूर्वी जूनच्या आधी पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, त्याचंच हे काम. पडवीच्या मागे मग हवी तेवढी काच लावा, मला काहीच म्हणायचं नाही. तिला ना ऊन लागणार ना पाऊस. पण ती एकसंध तीस फूट नको. चार-चार फुटांची उघडणारी दारं करा, म्हणजे समुद्र दिसेलही आणि त्याचा वाराही घरात येईल. घर एका खोलीइतकंच रुंद असल्यानं पूर्वेची खिडकी उघडली की वारा आरपार जातो, आणि बंद काळात बुरशी धरत नाही. त्यासाठी छपराखाली कायम उघडी, जाळी लावलेली झरोक्यांची रांग ठेवा.

छपराच्या बाबतीत यजमान बरोबर आहेत. इतक्या पावसात सपाट गच्ची ठेवली की दर काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगचं काम निघतं आणि शेवटी लोक तिच्यावर पत्र्याची शेड घालतात. मग ते घर कुणाचंच राहत नाही, ना पुतण्याच्या चित्रातलं ना कोकणातलं. रत्नागिरीला १९१० मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी समुद्र दिसेल अशा टेकडीवर राजवाडा बांधला, त्यालाही उतरती छपरंच आहेत. उतरतं छप्पर म्हणजे जुनाट घर, असं पुतण्याला वाटत असेल तर त्याला वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत मिरिस्साच्या कड्यावर केलेलं घर पाहायला सांगा. बारीक खांबांवर तोललेलं एक छप्पर, त्याखाली मोकळी जागा आणि समोर समुद्र. इतकं कमी करून इतकं देणारी वास्तू मला दुसरी माहीत नाही.

पण वाऱ्याचा विचार करून छप्पर बांधा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडात बागा आडव्या केल्या आणि छपरं उडवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. वाऱ्याच्या भारासाठीचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात डोंगराच्या कडेला वाऱ्याचा वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरायला सांगितलंय. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तो जवळपास पावणेदोन-दोन पट होतो. सपाटीवरच्या घराचा हिशेब इथे चालणार नाही. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं. मुख्य छप्पर आणि पडवीचं छप्पर वेगवेगळं बांधा. सलग असलं तर वारा पडवीखाली शिरून सगळंच उचलतो, वेगळं असलं तर वाईटात वाईट पडवीचं जाईल, घर राहील. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, वरच्या आरसीसी पट्ट्याला बोल्टनं बांधा, आणि कडेच्या कौलांना तारा किंवा क्लिपा लावा.

भिंतींसाठी चिरा, म्हणजे कापलेला जांभा, घ्या. तो इथलाच आहे, नीट रचला तर गिलाव्याचीही गरज नाही, आणि त्याचा तो तांबूस खरखरीतपणा पांढऱ्या रंगापेक्षा समुद्राशेजारी किती तरी शोभून दिसतो. पांढरा रंग दोन पावसाळ्यांत हिरवा-काळा होतो. फक्त झड लागणाऱ्या पश्चिमेच्या उघड्या भिंतीत चिरा पाणी पितो, म्हणून तिथे पडवी किंवा रुंद वळचण हवीच.

काँक्रीटमध्ये मात्र कंजुषी नको. खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. काँक्रीटचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्याप्रमाणे किनाऱ्यावर कमीत कमी एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागतं. गावातला मिस्त्री सवयीनं पाऊण-एक इंच ठेवतो. हे अंतर राखायला सळईखाली ठेवतात ते ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, तुम्ही स्वतः मोजून घ्या, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी वापरू देऊ नका, तिच्यातलं मीठ सळईच्या मुळावर येतं. चांगली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या. विहिरीचं पाणी खारट असेल तर काँक्रीट मारायलाही नको आणि त्यावर शिंपडायलाही नको. कठडे, बिजागऱ्या, कड्या यांना ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. पुण्यात सर्रास मिळणारं ३०४ समुद्राच्या वाऱ्यात डागाळतं.

तलावाबद्दल मी तुम्हाला स्पष्ट नको म्हणते. पंचवीस बाय बारा फुटांचा, साडेचार फूट खोल तलाव म्हणजे अडतीस हजार लिटर पाणी, अडतीस टन वजन. ते चित्रात नेमकं उताराच्या सगळ्यात कमजोर कडेवर, भरावावर ठेवलंय. त्याला एक बारीक तडा गेला तर पाणी महिनोन्‌महिने त्याच मातीत मुरेल जिच्याबद्दल मी वर एवढं लिहिलं. आणि पाणी आणणार कुठून? किनारपट्टीत बोअरवर बंधनं आहेत. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतात. अडतीस हजार लिटर हा तुम्हा तिघांचा तीन महिन्यांचा घरखर्च आहे. खालच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना वर निळं पाणी भरून ठेवायचं, हे तुम्हालाही बरं वाटणार नाही. तुमचं पत्र वाचून तुमच्याबद्दल एवढं तर मला कळलंय.

तेच पैसे पावसाच्या पाण्याच्या टाकीत घाला. दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात चार लाख लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं पन्नास हजार लिटर जरी घराच्या वरच्या अंगाला, कातळावर पाया असलेल्या टाकीत साठवलं तरी उन्हाळा निघतो.

सासूबाईंचं चित्रात काहीच दिसत नाही, आणि मला ते सगळ्यात खटकलं. वाहनतळ वर, शयनगृहं खाली, मध्ये अठरा पायऱ्या. त्यांची खोली, न्हाणीघर, देवघर, स्वयंपाकघर आणि पडवी हे सगळं रस्त्याच्या पातळीवर, एकही पायरी न चढता-उतरता पोचता येईल असं हवं. आज त्यांच्यासाठी, पंधरा वर्षांनी तुमच्यासाठी. खालच्या टप्प्यावर पाहुण्यांच्या आणि मुलांच्या खोल्या ठेवा. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीची उंबरी दीड फुटांवर घ्या, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसेल. पडवीला साडेतीन फुटी काँक्रीटचा कठडा घातला तर खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त कठडा दिसतो, ही चूक फार घरांत होते. कडेला बसायचा रुंद कट्टा करा, त्यावर बारीक सळ्यांचा कठडा, आणि पलीकडची जमीन एकदम खाली न टाकता टप्प्यानं उतरवा.

आणखी एक, दिव्यांचं. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं समुद्र ओळखतात. डोंगरावरचा प्रखर पांढरा उजेड त्यांना उलट्या दिशेला ओढू शकतो. समुद्राकडे तोंड करून फ्लडलाइट लावू नका. पडवीत पिवळे, खाली तोंड असलेले, छपराआड झाकलेले दिवे पुरतात, आणि तुम्हालाही चांदणं दिसतं.

घरातला वाद माझ्या मते असा मिटवा. पुतण्याला नवं चित्र लगेच काढायला लावू नका. आधी मोजणीचा आणि मातीचा अहवाल त्याच्या हातात द्या, आणि येत्या जुलैत त्याला यजमानांबरोबर आठवडाभर गावात पाठवा. दोघांनी भर पावसात जागेवर फिरावं. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे झरा फुटतो तिथे खुंटी मारावी. वारा कुठल्या अंगानं मारतो ते पाहावं. शेजारच्या जुन्या घरांची पश्चिम बाजू पाहावी आणि त्या घरांतल्या लोकांना विचारावं. यजमानांना जे सांगायचंय ते तिथे शब्दांशिवाय पुतण्याला कळेल, आणि पुतण्याच्या मोकळ्या, उजेडाच्या खोल्यांची किंमत यजमानांना त्या अंधाऱ्या माजघरांत बसल्यावर कळेल. मग आराखडा, पावसाळ्यानंतर परवानग्या, आणि त्या आल्या की दिवाळी झाल्यावर पाया, पुढच्या मेअखेर छप्पर. छप्पर चढल्याशिवाय काम जूनमध्ये जाऊ देऊ नका, उघडा खणलेला उतार पावसात सोडणं धोक्याचं आहे. चिरे मात्र लवकर सांगून ठेवा, पावसात खाणींवरचं काम थांबतं.

शेवटी कुंपणाचं, कारण पत्राच्या कडेला तुम्ही घाईत लिहिलंय की "आधी कंपाउंड घालून घेतो". ते आत्ता घालू नका. अशा जागांतून बहुधा एखादी पाखाडी जाते : वरच्या वाडीतली माणसं खाली आगरात, देवळात, समुद्रावर जातात ती वाट. सातबाऱ्यावर तिची नोंद नसली तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, आणि ती अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण कायद्यापर्यंत जायचंच कशाला. तुम्ही तिथे आठ महिने राहणार आहात, सासूबाईंना रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर धावून येणारी माणसं याच वाटेनं येतील. मोजणीच्या वेळी गावातल्या दोन जाणत्या माणसांना बोलवा, वाट कुठून जाते ते त्यांच्याकडून दाखवून घ्या आणि नकाशावर आखा. गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, तिच्या अलीकडून घाला. तिच्या काही पायऱ्या ढासळल्या असतील तर घराचे चिरे येतील तेव्हा त्याही बसवून घ्या.